नंबर एकची जागा

बोरदरी (ता. कारंजा),
१४ जून २०२४

शालिग्राम,

जयभीम. फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि मग दोघंही म्हणतो की ऐकू आलं नाही. म्हणून लिहितो. पत्रात मधे बोलता येत नाही.

सूनबाईच्या बाळंतपणासाठी तू ऋषिकेशकडे पुण्याला गेल्यापासून गावात दोन गोष्टी झाल्या. तुमच्या ओट्यावरची गादी कुत्र्यानं फाडली. तुझ्या आईंचं म्हणणं, कुत्रा ओळखीचा आहे, काही करायचं नाही. दुसरी गोष्ट जरा मोठी आहे.

नगर पंचायतीनं सभा बोलावली होती. पाणीपट्टी थोडी वाढणार आहे आणि बाजारपटांगणात गाडी लावायला फी लागणार आहे. पटांगण चुन्यानं आखून जागांना नंबर टाकायचे, ज्याला हवा त्यानं वर्षाचा पास घ्यायचा. कारण असं, की वॉर्ड पाचची पाण्याची पाइपलाइन मंजूर आहे, पण सरकारचे पैसे येण्याआधी नगर पंचायतीला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो आणि तो तिजोरीत नाही. मुख्याधिकारी म्हणाले, कुणाला उपाय सुचत असेल तर सांगा. मी उठलो आणि गाड्यांची फी सुचवली. हे तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

वॉर्ड पाच म्हणजे विहारामागची आमची वस्ती, हे तुला सांगायला नको. पाणी अजून नाल्यापलीकडच्या हापशीवरूनच येतं. माझी चुलती गंगूकाकू मागच्या महिन्यात पाण्यानं भरलेला गुंड घेऊन येताना नाल्यात पडली. खुबा मोडला. आता भिवाजीकाका सायकलला कॅन बांधून पाणी आणतो. या वयात. नाल्याचा उतार आला की तो सायकल आणतो की सायकल त्याला, हे लांबून सांगता येत नाही. नाला भरून वाहायला लागला की काय करायचं, हे घरात कुणी काढत नाही.

हरकती मागवल्या आहेत. तुझी येईल असं मी धरून चाललो आहे. एसटी स्टँडवर माझी ड्युटी सकाळचीच आहे, त्यामुळे पत्र दुपारी वाचीन.

नरेंद्र


पुणे,
२३ जून २०२४

नरेंद्रा,

रामराम. तुहं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. पयल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला.

बोरदरी म्हंजे काय पुणं हाये का? इथं मी रोज गाडी लावाचे पैसे देतो. दवाखान्यात देतो, भाजीले गेलो तर देतो, काल देवळाबाहेर देल्ले. एक शब्द बोललो नाई. कारण ते पुणं हाये, इथं माह्या बापाचं काई नाई. पण आपल्या पटांगणात पोळ्याले माह्या घरची जोडी सगळ्याच्या पुढं उभी राह्यते. आमची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय पोळा फुटत नाई. तिथं मी पावती फाडून उभा राहू?

तू म्हनशीन, तुह्या घरी बैल कुठं हायेत. नाईत. कामरगावाहून भाड्यानं आनतो. बैल भाड्याचे असतीन, मान भाड्याचा नाई.

अन् वॉर्ड पाचचं. रागावू नको. तुमच्याकडचा एकबी मानूस पाणीपट्टी भरत नाई. जो भरत नाई त्याले नळ कायले? मी तिथं असतो तर सभेत बोललो असतो, म्हनून इथं लिहून देतो.

गंगूकाकूचं वाईट वाटलं. तिले सांग.

आता काम. मले हरकत घ्याची हाये. माहं लिवनं तुले मालूम हाये, सातवीत गुरुजींनं माह्या निबंधावर "कोणत्या भाषेत?" असं लिवलं होतं. तर हरकत तूच लिहून दे. फी तू सुचवली, म्हंजे तिच्यात खोट कुठं हाये हे तुलेच बरोबर मालूम असन. मी सही करून पाठवतो.

सूनबाईले आठवा महिना लागला, म्हनून मले अन् हिले इथून हालता येत नाई.

शालिग्राम


बोरदरी,
५ जुलै २०२४

शालिग्राम,

हरकत सोबत आहे. सही शेवटच्या पानावर कर, फुलीच्या खुणेजवळ.

मी लिहीत असताना साधना चहा घेऊन आली. वाचून म्हणाली, "नळ आपल्याले पाह्यजे, अन् अर्ज त्याइच्याकून लिहून राह्यले?" म्हटलं, मित्राचा आहे. म्हणाली, "मंग खराब लिहा." मी रोज संध्याकाळी विहारात खोटं बोलणार नाही असं म्हणतो. मुद्दाम वाईट लिहिणं हे खोटं बोलण्यात येतं का, याचा विचार केला. येतं असं वाटलं. त्यामुळे चांगला लिहिला. तिसरा मुद्दा, पटांगण पूर्वीपासून सगळ्यांचं असल्याचा, लिहिता लिहिता मलाच पटायला लागला होता. तिथं थांबलो.

आता दुसरं. नगर पंचायतीनं दोन टेबलं मांडली आहेत. एकावर हरकती घेतात, दुसऱ्यावर जागेची आगाऊ नोंदणी. लोक आधी पहिल्या रांगेत उभे राहतात, मग दुसऱ्या. याचं कारण तुमच्या घरात आहे.

परवा आईंना भेटायला गेलो होतो. त्या गहू निवडत होत्या.

"पटांगनात नंबर टाकले म्हंतात?"

"टाकले."

"एक नंबर कुठीसा पडला?"

"तोरणाच्या खांबाजवळ."

"तिथं आपली जोडी उभी राह्यते."

"हो."

"मंग तो नंबर आपलाच झाला. दुसऱ्यानं कोनी घेतला तं? चाल मह्यासंगं."

मी म्हटलं, आई, शालिग्रामनं हरकत घेतली आहे. "घेऊ दे," म्हणाल्या. "त्यानं हरकत घेतली, मी जागा घेतो." टेबलावरच्या कारकुनानं वाहन कोणतं विचारलं. आई म्हणाल्या, दमणी. ती गोठ्यातली जुनी बैलगाडी, जिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात. त्यानं लिहून घेतलं. वाहनात दमणी बसत नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं. चार जणांनी ओढत नेऊन ती नंबर एकच्या जागेवर उभी केली. आईंनी नारळ फोडला. संपूर्ण वर्षाचा पास घेतलेल्या त्या गावातल्या पहिल्या नागरिक आहेत.

नरेंद्र


पुणे,
११ जुलै २०२४

नरेंद्रा,

सही करून पाठवली. आईले समजाव.

हरकत घेनाऱ्याच्या घरचीच पयली पावती. मले तोंड दाखवाले जागा नाई राह्यली. पुण्यात मले कोनी ओळखत नाई ही गोष्ट वेगळी.

मी फोन केला तं म्हंते, "तुह्या बापानं जागा कमावली, तू अर्जात घालवशीन." म्या म्हटलं, आई, ते गाड्या लावाचे नंबर हायेत, मानाचे नाई. म्हंते, "एक तो एकच असते."

हे समजावून सांगाले तुलेच जमीन. तू शांत मानूस हायेस.

शालिग्राम


बोरदरी,
२९ जुलै २०२४

शालिग्राम,

समजावायला गेलो होतो. त्यांनी मला खिचडी वाढली आणि मी समजून परत आलो.

आता उशीरही झाला आहे. दमणी उभी राहिली आणि पोळ्यात तुमच्यामागे ज्यांची जोडी लागते ते दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर हजर. दोन नंबरवर दोन घरांचा हक्क निघाला. एकानं मळणी यंत्र आणून ठेवलं, त्याला चाकं नाहीत. दुसऱ्यानं बंद पडलेली जीप ढकलत आणली. शेवटी जीपवाल्याला तीन नंबर दिला, तो अजून बोलत नाही. आठवड्यात सगळं पटांगण पोळ्याच्या रांगेप्रमाणे भरलं. वखर आहेत, चाकं निखळलेल्या रेंग्या आहेत, एका ठिकाणी नुसती बाज आहे. चालणारं वाहन एकही नाही. खऱ्या गाड्या पहिल्यासारख्या रस्त्यावर लागतात आणि स्टँडवरची माझी एसटी पहिल्यासारखी अडकते. पण नगर पंचायतीचा हिस्सा जमला.

मग एक राहिलेली जागा निघाली, अगदी कोपऱ्यातली, मुतारीजवळ. बाजारलाइनीतली चार मोठी माणसं संध्याकाळी आमच्या वस्तीत आली. वर्षावास सुरू आहे, विहारात वाचन चाललं होतं, ते संपेपर्यंत थांबली. चांगल्या मनानंच आली होती. म्हणाली, "शेवटचा नंबर तुमचा. पूर्वापार हाये. पैसे आमी भरतो."

भिवाजीकाकानं चष्मा पुसला. म्हणाला, "ते पूर्वापार माह्या बापानं छप्पन साली सोडून देल्लं. मी तवा बापाचं बोट धरून होतो. आता पुन्हा कायले बांधता गळ्यात? नळाचं काई असन तं सांगा."

ते म्हणाले, नळाचं आम्ही काय सांगणार, तुमची वस्ती पाणीपट्टी भरत नाही.

दुसऱ्या दिवशी काका पैसे घेऊन नगर पंचायतीत गेला. मी बरोबर होतो, पण तो म्हणाला, तू बोलू नको.

"पाणीपट्टी घ्या."

"कनेक्शन नंबर?"

"नळ नाई अजून."

"मंग पट्टी कायची, बाबा?"

"पाण्याची. लोकं म्हंतात आमी भरत नाई. घ्या."

"नळ नसताना घेता येत नाई."

"अन् नळ कवा भेटीन?"

"पट्टी भरणाऱ्याच्या यादीत नाव पाह्यजे."

शेजारच्या टेबलावर एक जण बाजेची पावती फाडत होता. काकानं ते पाहिलं, पैसे रुमालात बांधले आणि येताना हापशीवर कॅन भरले. नाल्याला पाणी आहे. सायकल अलीकडे ठेवली आणि एकेक कॅन खांद्यावर घेऊन आला. एक मी घेतो म्हटलं तर देईना.

तुझ्या वाक्याला उत्तर म्हणून हे लिहिलेलं नाही. झालं तसं लिहिलं.

नरेंद्र


पुणे,
८ ऑगस्ट २०२४

नरेंद्रा,

परवा नात झाली. दोघी चांगल्या हायेत. पोरगी दिवसभर झोपते अन् आमी लोकं तिच्याकडं पाहत जागे.

तुह्या पत्राचं. मी हरकत मागं घेत नाई. फी चूक हाये ते चूक हाये. पण मले सुनावनीले येता येत नाई, तू माह्याकून वाच, अन् खाली एक कलम जोड. तुह्या भाषेत लिही, अर्थ असा:

माह्या घरी गाडी नाई. माह्या आईजवळून तुमी गाडी लावाचे पैसे घेतले. बाजेचे घेतले, बिनचाकाच्या यंत्राचे घेतले. गाडी नसताना पैसे घेता येतात, तं नळ नसताना भिवाजीचे काहून घेता येत नाई? एक तं माह्या आईचे वापस करा, नाई तं त्याचे घ्या. लेखी सांगा.

हे भिवाजीकाकासाठी नाई. ऑफिसले चूप बसवाले हाये. कॅनचं लिवलं नसतं तरी मी हेच लिवलं असतं. त्याले माहं नाव सांगू नको.

शालिग्राम


बोरदरी,
२८ ऑगस्ट २०२४

शालिग्राम,

नातीला आशीर्वाद. साधनानं तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली आहे.

काल सुनावणी झाली. हरकती घेणारे फारसे आलेच नाहीत, कारण बहुतेकांना जागा मिळाली होती आणि आता फी रद्द झाली तर नंबर जाईल ही भीती होती. तुझी हरकत मी उभा राहून वाचली. मुख्याधिकारी तरुण आहेत. म्हणाले, "फी तुम्हीच सुचवली होती ना?" म्हटलं, हो. "आणि ही हरकतही तुम्हीच लिहिली?" म्हटलं, हो. "मग तुमचं मत काय?" मी म्हटलं, पहिल्यात मत माझं, दुसऱ्यात नुसतं अक्षर माझं. त्यांनी पाणी प्यायलं.

पहिले तीन मुद्दे फेटाळले. चौथं तुझं कलम आलं. ते त्यांनी स्वतः घेऊन पुन्हा वाचलं. कारकुनाला विचारलं, "घेता येते का पट्टी?"

"साहेब, कनेक्शन नंबर नाई."

"मग नंबर द्या."

"नळ नसताना?"

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथून पटांगण दिसतं. मळणी यंत्रावर एक बकरी उभी होती. "द्या," म्हणाले.

संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या सगळ्या घरांना कनेक्शनचे नंबर मिळाले आणि सगळ्यांनी पट्टी भरली. मग कारकून घाबरला. म्हणाला, ऑडिटवाले विचारतील, पट्टी घेतली तर नळ कुठं आहे? साहेब म्हणाले, "म्हणजे आता नळ टाकावाच लागेल." इतकी वर्षं पाणी ही आमची अडचण होती. काल पहिल्यांदा ती ऑफिसची झाली.

काकानं मला विचारलं, ते कलम कुणाचं. मी गप्प राहिलो. गप्प राहणं खोटं नाही. तो म्हणाला, "शालिग्रामच असन. आपल्या मानसाले येवढं आडवं सुचत नाई."

नरेंद्र


पुणे,
१२ सप्टेंबर २०२४

नरेंद्रा,

पोळा कसा झाला ते आईनं फोनवर सांगितलं. कामरगावची जोडी आली तं उभी राहाले जागा नाई, जागेवर दमणी. लोकं म्हने दमणी हालवा. आई म्हने पैसे भरले हायेत. शेवटी जोडी दमणीले जुंपली अन् तशीच तोरणाखालून काढली, आईले आत बसवून. लोकायनं दोन झडत्या रचून गायल्या तिच्यावर म्हंते. खुश हाये.

हरकत फेटाळल्याचं मले वाईट वाटलं असं सगळ्यायले सांग.

काका म्हने ते बरोबर हाये. पण तू कबूल करू नको.

पाइप कवा येते?

शालिग्राम


बोरदरी,
२० डिसेंबर २०२४

शालिग्राम,

मधे लिहायला काही नव्हतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली, काम थांबलं. पाइप आले होते, ते विहाराच्या भिंतीला टेकून होते. मुलं त्यात तोंड घालून एकमेकांना हाका मारायची. वस्तीला पाइपलाइनचा तेवढा उपयोग झाला. काका रोज पाणी आणायला निघताना त्यांच्याकडे पाहत असे आणि परत येताना पाहत नसे.

सोमवारी खोदायला सुरुवात झाली. मुख्य टाकीपासून सरळ रेष मारली ती नेमकी नंबर एकखालून गेली. मजूर दमणीला हात लावेनात. इंजिनीअरनं मला आईंकडे पाठवलं.

आई उन्हात बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाइप चालला कुठी?"

"वॉर्ड पाचला. आमच्याकडे."

"म्हंजे पानी आदी आपल्या नंबराखालून जाईन, मंग तुमच्याकडं?"

"हो."

त्यांनी जरा विचार केला. "मंग खंदू दे," म्हणाल्या. "दमनी घ्या बाजूले. झालं का पुन्हा तिथंच लावा."

मी बाहेर आलो आणि मजुरांना सांगितलं. पाण्याला रस्ता हवा होता.

नरेंद्र


पुणे,
६ जानेवारी २०२५

नरेंद्रा,

आई जे बोलली ते तू जसंच्या तसं लिवलं, अन् पुढं काई लिवलं नाई. मी तुले शाळेपासून ओळखतो. तू लिवत नाई तिथं लागलेलं असते.

मी तिले फोनवर बोललो. म्या म्हटलं, आई, असं बोलू नये, नरेंद्र घरचा हाये. ती म्हने, "म्या काय वाईट बोललो? पानी जाऊ देल्लं ना?" मंग मले पुढं सुधरलं नाई. तिले समजत नाई, अन् मले समजते पण बोलता येत नाई. सुनावनीत तू माह्याकून बोलला. हे मी तुह्याकून बोलाले पाह्यजे होतं, तं जमलं नाई.

शिमग्याले येतो. तवा तुह्या घरी जेवीन. सांगून ठेवतो.

शालिग्राम


बोरदरी,
२ मार्च २०२५

शालिग्राम,

ये. साधनाला सांगितलं आहे. तुझं जानेवारीचं पत्र पोचलं होतं. त्याला उत्तर सुचलं नाही म्हणून लिहिलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. ये.

आज सकाळी नळाला पाणी आलं. आधी हवा आली, मग लाल पाणी, मग बरं. भिवाजीकाकाच्या दारातला नळ पाइपच्या तोंडाशी आहे, म्हणून तिथं आधी आलं आणि सगळी वस्ती तिथं जमली. मुख्याधिकाऱ्यांना बोलावलं होतं, त्यांची बदली झाली आहे. नवे अजून आले नाहीत. भाषण कुणी केलं नाही.

बायांनी भरायला सुरुवात केली. गुंड भरले, ड्रम भरले, बादल्या, कढया, परात. गंगूकाकूची बाज दारात आणली होती. ती बसल्या बसल्या सांगत होती, तो गडवा राह्यला, ती पाटी राह्यली. सायकलचे कॅनसुद्धा भरले. मग घरात भरण्यासारखं काही उरलं नाही आणि पाणी चालूच होतं. आम्ही सगळे पाहत उभे राहिलो. हापशीचा दांडा सोडला की पाणी आपलं आपण थांबतं. थांबवायचं पाणी वस्तीत कुणाच्या हातात कधी आलेलं नव्हतं.

पाणी अंगणातून रस्त्याला लागलं तेव्हा काका उठला. त्यानं चावी फिरवली ती उलटी, पाणी जास्तच आलं, त्याच्या धोतरावर उडालं. मग त्यानं ती दुसरीकडे फिरवली, घट्ट, दोन्ही हातांनी.

"जाऊ द्या पानी आता मागच्या घरायले," म्हणाला.

गंगूकाकूनं बाजेवरून मान वर केली. म्हणाली, "आता पुन्हा चालू करून पाहा बरं."

त्यानं केला. पाणी आलं.

नरेंद्र